कर्त्याचा हक्क

अण्णा, परवा तुझे वकील मित्र येऊन गेले. तेराव्याला आले होते ते नुसते बसून गेले. परवा आले ते कपाटासाठी, वैनीनेच बोलावलं होतं. वारसाहक्काची पुस्तकं, जमीनमहसुलाची, फौजदारीची, ज्याला जे हवं ते त्यानं नेलं. वैनी भिंतीला टेकून बघत होती. खालचा कप्पा मात्र कुणी शिवला नाही. एकानं वाकून त्यातलं एक पुस्तक काढलं, पाठीवरचं नाव वाचलं आणि हसून परत ठेवलं.

"हे महादेवरावांचं वेड," तो म्हणाला. बाकीचेही हसले. वाईट हसले नाहीत. मेलेल्या माणसाच्या वेडावर माणसं जशी हसतात तसे.

त्या कप्प्यात काय आहे ते मला पाठ आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचा हक्क, नवं यंत्र काढणाऱ्याचा हक्क, मालावर लावायच्या खुणेचा हक्क. इंग्रजी पुस्तकं मुंबईहून पार्सलनं यायची, उर्दू तू हैदराबादेत जुन्या बाजारात जाऊन धुंडाळायचास. गुलबर्ग्याच्या अदालतीत असला खटला कधी उभा राहिला नाही, राहणारही नव्हता. तुझे मित्र म्हणायचे, अहो, आपल्याकडं तूर पिकते, ज्वारी पिकते, पुस्तकं कुठं पिकतात? शेरवानीची वरची गुंडी काढायचास आणि पुन्हा वाचायला लागायचास.

हे वेड तुला माझ्यामुळं लागलं. निदान तू तरी तसं सांगायचास.

मंठाळला आपल्या घरी वाचणारं कुणी नव्हतं. अप्पांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि थोरला म्हणून तुला उर्दू शाळेत घातलं, कारण निजामाच्या कचेरीत उर्दूच चालते हे त्यांनी पाहिलं होतं. मला सासरी घातलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला गोठ्याकडची खोली दिली. तू नुकता वकील झाला होतास. एके दिवशी आलास, माझ्या सासऱ्यांच्या पाया पडलास आणि म्हणालास, "हिला घेऊन जायलोय." त्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी? तू म्हणालास, "आता न्हाई येणार ती."

बैलगाडीत मी रडत होते. तू समजूत घातली नाहीस. कल्याणीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणालास, "तंगी, मला मराठी नीट लिहिता येत न्हाई. उर्दू येतं, कानडी बोलता येतं, पर आपलीच भाषा लिहायला बसलो की अक्षर वाकडं होतंय. तू शीक, आन् मग मला शिकव."

धाकट्या बहिणीला तंगी म्हणायचं हे कानडी बोलणं आपल्या घरात कुठून आलं कोण जाणे. आता मला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

मी शिकले. परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. वर्गात एका बाकावर मराठी बोलणारी, तिच्या शेजारी कानडी बोलणारी, पलीकडे घरात दखनी उर्दू बोलणारी. तिघींना एक पुस्तक चालत नसे. म्हणून मी अंकलिपी केली. एका पानावर एक चित्र, खाली तोच शब्द तीन भाषांत, तीन लिप्यांत. पाणी, नीरु, पानी. मराठी अक्षरं मी स्वतः काढली, कानडी अक्षरं शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी, उर्दू अक्षरं छापखान्यातल्या कातिबानं, म्हणजे लेखनिकानं. शिळाछापाचा छापखाना, त्यामुळं हातानं जसं लिहिलं तसंच कागदावर उतरलं. माझा 'अ' जरा पोटाकडं सुटलेला असतो, तोही तसाच उतरला.

मुखपृष्ठावर मी लिहिलं होतं, 'एका शिक्षिकेने केलेली'. तू ते पान हातात घेतलंस आणि तुझा चेहरा उतरला.

"कोण एक शिक्षिका?"

"मीच की."

"मग तसं लिही. सुभद्रा बिरप्पा मंठाळकर."

मी म्हणाले, "लोक काय म्हणतील? विधवा बाई, नाव छापून मिरवते म्हणतील."

"म्हणू दे. हे तू केलंयस. तुज्या आधी हे नव्हतं. जे नव्हतं ते ज्यानं केलं त्याचं नाव त्याच्यावर असायला पायजे. अप्पा सुद्धा मेंढराच्या कानाला खूण करायचे."

मी हसले, पण नाव घातलं. अण्णा, ते नाव छापील अक्षरांत पाहिलं तेव्हा मला काय झालं हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि ते पान छातीशी धरून उभी राहिले. बाहेर तू वैनीला विचारत होतास, "कुठं गेली ही? आवडलं न्हाई का काय?" मी बाहेर आले आणि म्हणाले, शाई जरा जास्त झालीय.

अफजलपूरची गोष्ट त्यानंतरची. तू एका जमिनीच्या खटल्यासाठी गेला होतास. बाजाराचा दिवस होता. परत आलास तो कोट न काढता माझ्यासमोर येऊन बसलास आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक पुस्तक पुढं ठेवलंस. माझीच अंकलिपी. तीच चित्रं, तीच पानं, तोच पोट सुटलेला 'अ'. फक्त वर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि खाली सोलापूरचा छापखाना.

"भीमेच्या अलीकडं पलीकडं दोन्हीकडं इकायलेत," तू म्हणालास.

आणि मी काय म्हणाले? मी पानं चाळली आणि म्हणाले, "म्हणजे अफजलपूरच्या पोरी वाचायलेत की हे!"

तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मीच ते पुस्तक चोरलंय.

इथून आपला वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, बाराखडी का कुणाच्या बापाची असते? तू म्हणायचास, बाराखडी कुणाची नसते, पण हे पान तुझं आहे, हे अक्षर तुझ्या हाताचं आहे. मी म्हणायचे, पोरींना शब्द आला की झालं, वरचं नाव कोण वाचतं? तू म्हणायचास, "कुणी वाचत न्हाई म्हणूनच चोरतात." दोघंही तावातावानं बोलायचो. वैनी ताटं वाढून थांबायची आणि शेवटी म्हणायची, "नावानं पोट भरायलंय का तुमचं? जेवा."

मला न विचारता तू सोलापूरला गेलास. छापखानेवाल्यानं तुला खुर्ची दिली, पाणी दिलं. कबूलही केलं, हो, तुमच्या बहिणीच्या पुस्तकावरूनच केलंय. मग म्हणाला, "पण वकीलसाहेब, ते पुस्तक मोगलाईत, निजामाच्या मुलखात छापलेलं. इथं इंग्रजांचा कायदा. तुमच्या पुस्तकाला इथं कोण ओळखतो?"

तू परत येऊन कपाट उघडलंस. दोन शुक्रवार, अदालतीच्या सुट्टीचे, तू जमिनीवर पुस्तकं पसरून बसलास. बोटानं ओळ धरून इंग्रजी वाचत होतास, शब्द अडला की कोश उघडत होतास. मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. एका ओळीवर तुझं बोट थांबलं. तू ती ओळ पुन्हा वाचलीस, मग आणखी एकदा. मग पुस्तक मिटलंस.

"बरोबर म्हणाला तो," तू म्हणालास. "ज्या मुलखात आधी छापलं, हक्क त्या मुलखापुरता. आपल्या राज्यातल्या पुस्तकानं हद्दीवरली भीमा ओलांडली की ते बेवारशी." मग म्हणालास, "आधी सोलापुरात छापलं असतं तर हात लावता आला नसता त्याला. मला म्हाईत न्हवतं. वकील असून म्हाईत न्हवतं."

तुला ते लागलं. मला पुस्तक गेल्याचं लागलं नव्हतं, तुझं तोंड बघून लागलं. मी म्हणाले, जाऊ दे अण्णा. तू म्हणालास, "तुजं जाऊ दे. मंठाळात, जनवाड्यात, कुठंतरी आणखी कुणी काहीतरी करत असंल. त्याला कोण सांगणार? ही सगळी पुस्तकं इंग्रजीत न्हाईतर उर्दूत. आपल्या भाषेत एक पायजे."

असं तुझं पुस्तक सुरू झालं.

अण्णा, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. शुक्रवारी सकाळी तू लिहायचास, दुपारी मी लाल शाईनं दुरुस्त करायचे. ऱ्हस्वदीर्घ तुला शेवटपर्यंत जमलं नाही. 'हक्क' तू कधी एका 'क'नं लिहायचास, कधी दोन. मी रागवायचे, तू पोरासारखा मान खाली घालायचास. सगळ्या गुलबर्ग्यातले साक्षीदार उलटतपासणीत तुला घाबरायचे, आणि तू माझ्या लाल शाईला.

शब्दांवरून किती भांडलो. उर्दूत हक्क-ए-तसनीफ म्हणतात, मराठीत काय म्हणायचं? मी म्हणाले, ग्रंथस्वामित्व. तू म्हणालास, हा शब्द ऐकून मंठाळचा माणूस उठून पळंल. तू म्हणालास, लिहिणाऱ्याचा हक्क. मी म्हणाले, मग चित्र काढणाऱ्याचं काय? गाणं बांधणाऱ्याचं काय? पुढच्या शुक्रवारी तोंडही न धुता माझ्या दाराशी आलास.

"कर्त्याचा हक्क!" तू म्हणालास. "ज्यानं केलं त्याचा. झालं की न्हाई?"

मी म्हणाले, "कर्ता म्हणजे घरातला मोठा बाप्या. बायांचं काय?"

"कर्ती बी आली त्यात."

"कुठं आली? दिसायली न्हाई मला तरी."

तू हसत हसत गेलास. शब्द तोच राहिला. माझी हरकत तू समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलीस, 'तंगीला मान्य नाही.' ती ओळ अजून तिथं आहे.

यंत्रांच्या प्रकरणात 'पेटंट'ला तू 'शोधाची सनद' म्हटलंस, आणि तो शब्द मला पहिल्यांदा वाचल्याबरोबर आवडला. इनामाची सनद, वतनाची सनद आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. तुझ्या पुस्तकात लंडनचा एकही माणूस नव्हता. जनवाड्याचा एक शेतकरी तू मनानं उभा केलास. तो तूर भरडायचं नवं जातं करतो, ज्यात डाळ फुटत नाही, आणि हौसेनं आधी जत्रेत मांडतो. मग सनद मागायला गेला तर म्हणतात, हे तर सगळ्यांनी बघितलं, आता नवं काय राहिलं? त्या प्रकरणाच्या शेवटी तू लिहिलंस, 'आधी सनद, मग जत्रा.' मी तिथं लाल शाई लावली नाही. समासात 'फार छान' लिहिलं. तू ते पान वैनीला नेऊन दाखवलंस. तिला वाचता येत नव्हतं, तरी दाखवलंस.

पुस्तक पुरं झालं आणि तिथंच आपलं नशीब पुरं झालं.

इथं छापायचं तर सरकारची परवानगी हवी. तू सगळ्याचा उर्दूत गोषवारा केलास आणि हैदराबादला गेलास. कचेरीतला माणूस भला होता, तूच सांगितलंस. त्यानं गोषवारा वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "वकील साब, इत्ती अच्छी किताब, उर्दू में लिखो ना. मराठी में कायकू?" तू म्हणालास, जिच्यामुळं लिहिली ती मराठीत शिकवते. त्याला ते नीट समजलं नसावं. बघू म्हणाला. तू पुन्हा गेलास, पुन्हा बघू. नकार कधीच आला नाही. नकार आला असता तर तू भांडला असतास. 'बघू'शी कुणी भांडू शकत नाही.

मग तू सोलापूरकडं वळलास. तुझ्याच कायद्याप्रमाणं आधी तिथं छापलं की हक्क तिथं राहील. एक प्रकाशक भेटला, चोरी करणाऱ्यापेक्षा वेगळा, सरळ माणूस. त्यानं पुस्तक ठेवून घेतलं, वाचलं आणि तुला बोलावलं. म्हणाला, पुस्तक उत्तम आहे, मराठीत असं नाही. पण कायद्याच्या पुस्तकावर मोगलाईतल्या वकिलाचं नाव पाहून इकडचा वकील विकत घेणार नाही. इथल्या एका नामांकित वकिलाचं नाव घालू. तुमचं नाव प्रस्तावनेत, आभारात.

तू बाड काखेत मारलंस आणि निघून आलास. घरी आल्यावर मला सांगताना तू हसत होतास, पण ते हसू मला बघवलं नाही.

"बघ तंगी," म्हणालास, "नावाच्या हक्कावर पुस्तक लिहिलं, आन् ते म्हणतात नाव सोडा."

मला म्हणायचं होतं, सोड की अण्णा, नाव कोण वाचतं? हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

त्यानंतर बाड कपाटात गेलं. तू अदालतीत जात राहिलास, जमिनीचे खटले, भावाभावांचे खटले. शुक्रवारी सकाळी लवकर उठायचास आणि काय करावं ते न सुचून अंगणात उभा राहायचास. मी लाल शाईची दौत घेऊन तुझ्याकडं यायचं बंद केलं. आपण दोघं एकाच घरात राहत होतो, आणि त्या बाडाविषयी एक शब्द बोलत नव्हतो.

कावीळ झाली तेव्हा आम्हाला वाटलं, होईल बरी. मुळ्या झाल्या, काढे झाले, दवाखाना झाला. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेवटच्या आठवड्यात तू फार कमी बोललास. एका दुपारी वैनी पाणी तापवायला गेली होती, मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे न उघडता म्हणालास,

"तंगी, सोलापूरला कळव त्याला."

"कुणाला?"

"नाव काढ माजं. छापून तर येऊ दे."

माझे हात थांबले. "अण्णा, हे तू म्हणायलास?"

"व्हय. मी न्हाई राहणार. नाव घेऊन काय करायचंय? पुस्तक तर राहील. तूच म्हणायचीस न्हवं?" तू हसायचा प्रयत्न केलास. "तूच खरी. कळवशील का न्हाई?"

मी म्हणाले, "कळवते."

तेवढं ऐकल्यावर तू गाढ झोपलास. तुझ्या चेहऱ्यावर इतकी शांती मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. दोन दिवसांनी तू गेलास.

मी शब्द दिला होता, म्हणून कळवलं. काल प्रकाशकाचा माणूस आगगाडीनं आला. वयानं मोठा, शांत, डोक्यावर काळी टोपी. तुझ्या फोटोला त्यानं हात जोडले. वैनीनं चहा दिला. मी बाड आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पानं चाळली, जनवाड्याच्या जात्यापाशी थांबून वाचलं आणि म्हणाला, "काय लिहिलंय हो!" मग त्यानं पहिलं पान उघडलं. खिशातून पेन काढलं. वाईट हेतूनं नाही, फक्त नाव खोडून दुसरं लिहायचं, म्हणजे छापखान्यात घोटाळा नको, इतकंच.

त्या पानावर तुझं नाव तू स्वतः लिहिलेलं आहे. महादेव बिरप्पा मंठाळकर, वकील. बाकी कुठं नाही, पण तिथं ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. किती वेळा गिरवून मग लिहिलं असशील.

मी त्याचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात, अण्णा. वैनी दारातून बघत राहिली.

"न्हाई," मी म्हणाले.

तो गोंधळला. "बाई, आपणच कळवलं होतंत. त्यांचीच इच्छा ना?"

"व्हय. त्यांचीच होती."

"विचार करा. नाव नसलं तरी शब्द त्यांचेच राहतील."

नेमकं हेच मी तुला आयुष्यभर सांगत आले होते. त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला त्यातलं एक अक्षर खरं वाटेना.

"नावासकट छापणार असाल तर न्या," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "मालक नाही म्हणतील. आणि खरं सांगू? दुसरंही कुणी छापणार नाही. हे असंच पडून राहील."

"म्हाईत हाय."

चहा संपवून, पुन्हा एकदा तुझ्या फोटोला हात जोडून तो गेला. स्टेशनापर्यंत टांगा करून द्यायचं मला सुचलं नाही. उन्हात चालत गेला बिचारा.

वैनी आत आली. तिनं कपबशी उचलली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कामून न्हाई म्हणलात, वन्सं? त्यांनीच तर सांगितलं हुतं. मरता मरता सांगितलं हुतं."

मी बाडाचं पहिलं पान मिटलं. ती रडत आत गेली. तिचं रडणं बरोबर आहे. तिनं तुला त्या पुस्तकापायी झिजताना पाहिलंय आणि ते छापून येण्याची एकच वाट होती, ती मी बंद केली. तुला दिलेला शब्द मोडला. तुझी शेवटची इच्छा मी मोडली.

हैदराबादचा 'बघू' आहे तसाच आहे. सोलापूर मी स्वतः परत पाठवलं. पुण्यामुंबईत मी कुणाला ओळखत नाही, मला कुणी ओळखत नाही. कागद शिळाछापाच्या कारखान्यातला स्वस्त आहे, आत्ताच कडेनं पिवळा पडू लागलाय. कुणी वाचणार नाही, अण्णा. ज्या माणसासाठी तू लिहिलंस तो जनवाड्यात असो की मंठाळात, त्याला हे कधी कळणार नाही. तो आपलं जातं जत्रेत मांडेल, आणि घेणारे घेऊन जातील.

मी खोटा धीर देत नाही तुला. तू मला कधी दिला नाहीस.

फक्त एवढं सांगायचं होतं की आपला वाद तू जिंकलास. पण ते माझ्या तोंडून ऐकायला तू नाहीस, आणि तू जिंकलास म्हणून तुझं पुस्तक गेलं.